मरळ आणि रोहूच्या अंगावर तांबडे चट्टे, कोई मात्र स्वच्छ: हा कोणता रोग असावा?

परसदार_आजरा

नमस्कार. आमचे घर आजरा तालुक्यात आहे आणि परसात जांभ्या दगडात बांधलेले, आतून सिमेंटचा गिलावा केलेले बारा फूट लांब, आठ फूट रुंद आणि साधारण तीन फूट खोल असे तळे आहे. पाणी विहिरीचे असते. मात्र पावसाळ्यात वरच्या अंगणातले पाणीही वाहत येऊन त्यात मिसळते. तळ्यात सात कोई (शोभेचे रंगीत मासे), पाच गोल्डफिश आणि चार रोहू होते. सप्टेंबरमध्ये माझ्या पुतण्याने भातखाचराजवळच्या ओढ्यातून तीन मरळ आणि मूठभर खवल्या (ओढ्यातले लहान मासे) पकडून आणून त्यातच सोडल्या.

नोव्हेंबरच्या अखेरीस एका मरळीच्या पाठीवर मसुरीच्या डाळीएवढा तांबडा ठिपका दिसला. दहा दिवसांत तिथले खवले गळून पडले आणि आठ आण्याच्या नाण्याएवढी उघडी जखम झाली. आता दुसऱ्या मरळीला आणि दोन रोहूंना तसेच चट्टे आहेत, त्यांतील एका रोहूच्या जखमेवर कापसासारखी पांढरी बुरशी दिसते. गोल्डफिशपैकी दोघांच्या कल्ल्यांच्या झाकणांवर रव्यासारखे पांढरे दाणे आले आहेत. कोईंच्या अंगावर मात्र काहीही नाही.

शहरातील एका दुकानदाराने निळे औषध आणि एक पिवळी भुकटी दिली. निळे औषध दोन झाकणे आणि भुकटी अंदाजाने चमचाभर टाकली. चौथ्या दिवशी एक रोहू मेला आणि आता कोई पहाटे पाण्याच्या वर तोंड काढून हवा घेत आहेत. रोग एकच आहे की निरनिराळे, कोईंना लागण होईल का आणि पुढे काय करावे, हे कृपया सांगावे.

शिरगावचा_विद्यार्थी

नमस्कार. मी रत्नागिरीजवळच्या शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालयातून पदवी घेतली आहे आणि सध्या शेततळ्यांचे काम पाहतो. आपण वर्णन बारकाईने केल्यामुळे बरेचसे उलगडते. सर्वप्रथम एक विनंती: उद्यापासून तळ्यात कोणतेही नवे औषध टाकू नका. आपण तीन वेगवेगळ्या गोष्टी पाहत आहात आणि कोईंचे हवा घेणे ही चौथी गोष्ट आहे, जी बहुधा रोगामुळे नसून औषधामुळे उद्भवली आहे.

मरळ आणि रोहूच्या जखमांपासून सुरुवात करतो. तांबडा ठिपका, मग खवले गळणे, मग खोल जाणारा व्रण, पावसाळा संपून थंडी सुरू होण्याचा काळ, ओढ्यातून आणलेली मरळ आणि त्याच पाण्यात निरोगी राहिलेल्या कोई, हे सगळे एकत्र पाहिले की मला साथीच्या व्रणरोगाचा, म्हणजे ज्याला आमच्या क्षेत्रात सर्रास ‘ईयूएस’ म्हणतात त्याचा, दाट संशय येतो. अफॅनोमायसिस इन्व्हाडन्स नावाचा बुरशीसारखा, पण खऱ्या बुरशीच्या कुळात न मोडणारा जीव याला कारण असतो. १९७१ मध्ये जपानमध्ये तो प्रथम नोंदला गेला आणि १९८८ मध्ये भारताच्या ईशान्य भागात पोहोचून पुढे देशभर पसरला. मरळ, खवली, रोहू, मृगळ यांना तो चटकन होतो. तिलापिया आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) यांना सहसा होत नाही, आणि कोई म्हणजे रंगीत सायप्रिनसच. त्यामुळे आपल्या शीर्षकातील ‘कोई मात्र स्वच्छ’ हे शब्द माझ्या दृष्टीने संपूर्ण वर्णनातील सर्वांत उपयोगी शब्द आहेत.

आता आजऱ्यातच हे का व्हावे? पाण्याचे तापमान १८ ते २२ अंशांच्या आसपास असते तेव्हा हा जीव जोर धरतो आणि त्याच थंडीत माशाची प्रतिकारशक्ती मंदावते. त्यात जांभ्या जमिनीवरून वाहून आलेले पावसाचे पाणी आम्लधर्मी असते, त्यात चुन्याचा अंश नगण्य असतो. अशा पाण्यात माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर आणि त्याखालची कातडी कमकुवत होते, आणि पाण्यात पोहणारे बीजाणू नेमके तिथून आत शिरतात. म्हणून या रोगात केवळ जखमेकडे पाहून भागत नाही, सामू (पीएच) आणि क्षारता (पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता) मोजावीच लागते.

रोहूच्या जखमेवरचा कापूस हा वेगळा रोग नव्हे. सॅप्रोलेग्निया नावाची ही बुरशी मेलेल्या मांसावर बसते, जखम बरी होऊ लागली की तीही जाते. फक्त एक गोष्ट तपासा. माशाला तळ्याच्याच पाण्याने भरलेल्या पांढऱ्या घमेल्यात घ्या आणि बाजूने उजेडात पाहा. धागे पाण्यात मोकळे हलत असतील तर ती बुरशी. पांढुरका-पिवळसर थर अंगाला चपटा चिकटलेला असेल, विशेषतः तोंडाभोवती किंवा पाठीवर खोगिरासारखा पसरला असेल, तर तो कॉलम्नॅरिस नावाचा जिवाणूजन्य रोग असतो आणि तो दोन दिवसांतही मासे मारतो. तो मुख्यतः उन्हाळ्यातला रोग आहे, त्यामुळे आपल्याकडे त्याची शक्यता कमी वाटते.

कोईंविषयी: निळे औषध मिथिलीन ब्लू असावे आणि पिवळी भुकटी बहुधा एखादे प्रतिजैविक. दोन्हींमुळे तळ्यातील आणि फिल्टरमधील उपयुक्त जिवाणू मरतात. हे जिवाणू माशांच्या विष्ठेतून सुटणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच अंशी निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही साखळी तुटली की अमोनिया आणि नायट्राइट साचतात. नायट्राइटने रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते, कल्ले तपकिरी दिसू लागतात, आणि मासे वर येऊन हवा घेतात. चाचणीसंच आणून अमोनिया, नायट्राइट, सामू आणि क्षारता यांचे आकडे येथे कळवा. सकाळी सूर्योदयाच्या वेळचे पाणी घ्या. तोपर्यंत खाद्य बंद ठेवा, हवेचा पंप चालू ठेवा आणि रोज चौथा हिस्सा पाणी बदला. आपले पाणी विहिरीचे आहे हे बरे; नळाचे असते तर त्यातला क्लोरीन आधी काढावा लागला असता.

मीनाताई_कोल्हापूर

वरील उत्तर उत्तम आहे. गोल्डफिशच्या दाण्यांबद्दल मात्र त्यांनी लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. मी पंचवीस वर्षे गोल्डफिश पाळते आणि या एका गोष्टीपायी अनेकांनी निरोगी मासे औषधाने मारलेले पाहिले आहेत. दाणे केवळ कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या पहिल्या काट्यावर असतील, सारख्या आकाराचे असतील आणि मासा नेहमीसारखा खात-पोहत असेल, तर तो रोग नाही. नर गोल्डफिशना प्रजननाच्या काळात असे दाणे येतात आणि नंतर आपोआप जातात.

खरा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, म्हणजे ‘इक’, अंगभर आणि शेपटीवरही येतो, ठिपके मीठ शिंपडल्यासारखे विस्कळीत असतात आणि मासा दगडावर अंग घासतो. त्याची गोम अशी की ठिपक्याच्या आतला जीव कातडीखाली सुरक्षित असतो आणि औषध त्याला लागत नाही. तो गळून तळाशी पडतो, तिथे त्याची शेकडो पिले होतात आणि ती नवा मासा शोधत पोहू लागतात, तेव्हाच औषधाचा उपयोग होतो. उबदार पाण्यात हे चक्र चार-सहा दिवसांत पुरे होते, थंडीत लांबते. म्हणून एकदा औषध टाकून ठिपके गेले म्हणजे रोग गेला असे मानू नये. आपल्या माशांना मात्र हा रोग वाटत नाही.

आणखी एक. घमेल्यात मासा घ्याल तेव्हा परांच्या मुळाशी नीट पाहा. चपटी, पारदर्शक, डाळीएवढी आणि दोन काळे ठिपके असलेली वस्तू सरकताना दिसली तर ती माशांची ऊ, म्हणजे आरगुलस. तिच्या चाव्याचाही तांबडा ठिपका होतो आणि ओढ्यातल्या माशांबरोबर ती हमखास येते. चिमट्याने काढता येते. तिची अंडी टणक पृष्ठभागावर चिकटलेली असतात, म्हणून तळ्यात बांबूचे दोन-चार तुकडे उभे करून ठेवावेत आणि दर आठवड्याला बाहेर काढून कडक उन्हात वाळवावेत. पाठीवर एकच तिरकी जखम असेल तर आधी ढोकरीकडे, म्हणजे तळ्याकाठच्या बगळ्याकडे, बोट दाखवा. आमच्याकडे एका हिवाळ्यात मी रोग समजून आठ दिवस मीठ घातले आणि नवव्या दिवशी चोर काठावरच बसलेला सापडला.

परसदार_आजरा

दोघांचेही आभार. आज पहाटेचे आकडे असे: सामू ६.४, अमोनिया लिटरमागे १ मिलिग्रॅम, नायट्राइट १ मिलिग्रॅम, क्षारता २० मिलिग्रॅमच्या खाली. गोल्डफिशचे दाणे ताईंनी सांगितले तिथेच आहेत आणि मासे खादाडपणे खात होते. ऊ एकाही माशावर सापडली नाही. रोहूवरचा कापूस पाण्यात हलतो. शेजाऱ्यांनी दहा किलो कळीचा चुना आणून ठेवला आहे आणि आजच टाका असे ते म्हणत आहेत. टाकू का?

शिरगावचा_विद्यार्थी

कृपया आज टाकू नका. चुन्याची गरज आहे, पण क्रम चुकला तर तळे रिकामे होईल. अमोनियाची दोन रूपे असतात. सामू ७ असताना त्यातील विषारी रूप शंभरात अर्धा भागच असते आणि ६.४ ला त्याहूनही कमी, म्हणूनच आपले मासे अजून तग धरून आहेत. कळीचा चुना टाकून सामू एकदम ९ वर गेला तर त्याच अमोनियाचा पाव ते तिसरा हिस्सा विषारी होतो. पाणी तेच, अमोनिया तोच, आणि मासे तासाभरात तडफडू लागतात.

आधी तळ्यातील पाण्याचे माप काढू. बारा गुणिले आठ गुणिले तीन म्हणजे २८८ घनफूट, आणि एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे सुमारे ८,१५० लिटर. यापुढे झाकण आणि चमचा ही मापे विसरा.

पहिले काम मिठाचे. लिटरमागे ३ ग्रॅम या हिशेबाने सुमारे २४ किलो खडे मीठ लागेल. ते तीन दिवसांत, दररोज आठ किलो, बादलीत विरघळवून कडेकडेने सोडा. गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तात क्षार अधिक आणि बाहेरच्या पाण्यात कमी असल्यामुळे उघड्या जखमेतून पाणी सतत आत शिरते आणि ते बाहेर टाकताना मासा थकतो. मिठामुळे हा ताण घटतो. शिवाय मिठातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही, आणि लिटरमागे २ ग्रॅमच्या वर मीठ असले की या व्रणरोगाचा प्रसारही अडतो. एका साध्या वस्तूने तीन कामे होतात, म्हणून मला ती सर्वांत प्रिय आहे. पाणी बदलाल तेव्हा जेवढे पाणी काढले तेवढ्यापुरतेच मीठ नव्याने घाला.

अमोनिया आणि नायट्राइट शून्याजवळ आले की मग चुना, तोही कळीचा नव्हे, तर शेतीसाठी मिळणारी चुनखडीची भुकटी, जिच्यामुळे सामू हळूहळू वाढतो. हेक्टरी २०० किलो हा हिशेब धरला तर आपल्या जेमतेम नऊ चौरस मीटर तळ्याला १८० ग्रॅम पुरते. आठवड्याने क्षारता मोजून गरज असेल तर पुन्हा तेवढीच. दहा किलो शेजाऱ्यांना सन्मानाने परत करा.

भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने या रोगासाठी ‘सीफॅक्स’ हे औषध तयार केले आहे. त्याचे प्रमाण एक हेक्टर क्षेत्र आणि एक मीटर खोली असलेल्या पाण्याला एक लिटर असे आहे. आपल्या तळ्याला एक मिलिलिटरही लागत नाही, ०.८ मिलिलिटर होते. सुईशिवायच्या सिरिंजने मोजता येत असेल तरच विचार करावा, आणि तोही पाणी सुधारल्यावर.

मीनाताई_कोल्हापूर

मिठाबाबत एक पुरवणी. तळ्यात कमळ किंवा कुमुदिनी असेल तर एवढ्या मिठात पाने करपतात. कुंड्या उचलून वेगळ्या टबात ठेवाव्यात. मीठ बाष्पीभवनाने उडत नाही, म्हणून पाणी आटले म्हणून पुन्हा मीठ घालू नये. हाताला चीर किंवा ओरखडा असेल तर या पाण्यात हात घालू नका; माशांच्या पाण्यातील एका जिवाणूमुळे माझ्या बोटावर आलेली गाठ बरी व्हायला चार महिने लागले होते.

परसदार_आजरा

घरातील मंडळी विचारत आहेत की उरलेले रोहू खाल्ले तर चालतील का, आणि मेलेला मासा ओढ्यात टाकला होता ते योग्य होते का.

शिरगावचा_विद्यार्थी

हा व्रणरोग माणसाला होत नाही, पण जखमेत इतर जिवाणू वाढलेले असतात आणि आपण अज्ञात औषधे टाकली आहेत, त्यामुळे हे मासे खाऊ नयेत. मेलेला मासा ओढ्यात टाकणे मात्र चूक झाली. तेथील मरळ आणि खवल्या त्याच रोगाला बळी पडणाऱ्या आहेत आणि खाचरातून तो पुढे जाईल. यापुढे मेलेला मासा चुना घालून फूटभर खोल पुरा, आणि बदललेले पाणी ओढ्याकडे न सोडता झाडांपासून दूर मोकळ्या जमिनीत जिरवा.

माझे सगळे निदान वर्णनावरून आहे. खात्रीसाठी जखमेच्या कडेचा मांसाचा तुकडा दोन काचांत दाबून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो, तिथे आडपडदे नसलेले तंतू दिसले की निदान पक्के होत जाते. जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा किंवा २०२३ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या ‘रिपोर्ट फिश डिसीज’ या ॲपवर छायाचित्रासह नोंद करा. मासा जिवंत किंवा नुकताच मेलेला हवा. बर्फाच्या कप्प्यात गोठवलेला नमुना या तपासणीसाठी वाया जातो.

परसदार_आजरा

पाच आठवड्यांनी लिहितो आहे. मोठी जखम असलेली मरळ आणि आणखी एक रोहू गेले, दोन्ही चुना घालून पुरले. अमोनिया आणि नायट्राइट सोळाव्या दिवशी शून्यावर आले, त्यानंतर १८० ग्रॅम चुनखडी दोनदा दिली आणि सामू आता ७.४ आहे. दुसऱ्या मरळीच्या जखमेच्या कडेने करडी नवी कातडी आली आहे, खवले अजून आलेले नाहीत. कोईंचे पहाटे वर येणे तिसऱ्या दिवशीच थांबले होते. पुतण्याने दोनशे लिटरचे जुने पिंप कापून वेगळे टाके केले आहे आणि नवा मासा तीन आठवडे त्यातच राहील असे त्यावर खडूने लिहून ठेवले आहे. वरच्या अंगणातले पाणी वळवण्यासाठी चर खणायचा आहे, तो उन्हाळ्यात खणू.