खलनायकावर खल

निवडुंग :
एका दिवाळी अंकासाठी ‘ब्लॅक पँथर’वर लेख लिहायला घेतलाय. सिनेमा २०१८चा. पण लोक अजून बोलतात ते वाकांडा या काल्पनिक आफ्रिकी देशाच्या राजाबद्दल, टचालाबद्दल कमी आणि त्याची गादी हिसकावणाऱ्या चुलतभावाबद्दल, एरिक किलमाँगरबद्दल जास्त. ‘किलमाँगरचं बरोबर होतं’ असा हॅशटॅगच चालला होता. इंग्रजीत अशा पात्राला ‘सिम्पथेटिक व्हिलन’ म्हणतात. मराठीत त्याचं ‘सहानुभूतिपूर्ण खलनायक’ असं केलेलं वाचलं आणि अडखळले. सहानुभूतिपूर्ण पत्र म्हणजे ज्यात सहानुभूती भरलेली आहे ते. सहानुभूतिपूर्ण अधिकारी म्हणजे गाऱ्हाणं नीट ऐकून घेणारा (भेटला तर कळवा). मग सहानुभूतिपूर्ण खलनायक हा सुरा हातात घेऊन समोरच्याची विचारपूस करणारा झाला! इथे सहानुभूती प्रेक्षकाची आहे, त्याची नव्हे. ‘सहानुभूतिपात्र’ व्याकरणात बसतं, पण त्याला सरकारी अर्जाचा वास येतो. काय लिहू?

चहाटळ :
बिच्चारा व्हिलन. पुढचा प्रश्न?

पंतोजी :
विशेषणाचं नंतर बघू, आधी ‘खलनायक’ सोडवू. विग्रह दोन तऱ्हांनी होतो. ‘खलांचा नायक’ म्हणजे टोळीचा म्होरक्या. ‘खल असा नायक’ म्हणजे माणूस नायकाच्याच तोलाचा, पण वळण वाकडं. एरवी आपण हा फरक करत बसत नाही. या सिनेमात मात्र दोन्ही नमुने शेजारी शेजारी आहेत. युलिसिस क्लॉ पहिल्या जातीचा : चोर, शस्त्रांचा दलाल, मेला तरी कुणाचं काही अडत नाही. किलमाँगर दुसऱ्या जातीचा : राजघराण्यातला, शिकलेला, लढवय्या, आणि गादीवर हक्क सांगू शकेल असा.

‘खळांची व्यंकटी सांडो’ म्हणताना ज्ञानोबांनी खळ मरावेत असं मागितलेलं नाही, त्यांचा वाकडेपणा जावा एवढंच मागितलंय. तेव्हा ‘खल’ म्हटलं की माणूस कायमचा निकालात निघाला असं मराठीत तरी समजू नये.

आता कुणीतरी ‘प्रतिनायक’ सुचवणार, म्हणून आधीच सांगतो. हल्ली तो शब्द सौम्य, कुणाची बाजू न घेणारा म्हणून वापरतात. पण धनंजयाच्या ‘दशरूपक’ या संस्कृत नाट्यग्रंथात प्रतिनायकाचं लक्षण ‘लुब्धो धीरोद्धतः स्तब्धः पापकृद् व्यसनी रिपुः’ असं दिलंय. लोभी, उद्धट, ताठर, पापी, शिवाय व्यसनी. खलनायकापेक्षा याचंच प्रगतिपुस्तक वाईट!

तिसरी_घंटा :
मी ‘प्रतिनायक’च सुचवणार होते. राहू दे.

शब्दाआधी प्रसंग बघा, त्यातून शब्द सापडेल. लंडनच्या संग्रहालयातला तो प्रवेश. किलमाँगर काचेच्या कपाटांपुढे उभा राहून तिथल्या तज्ज्ञ बाईंना एकेक वस्तू कुठली ते विचारतो. त्या पढवल्यासारखी उत्तरं देतात. एका कुऱ्हाडीबद्दल म्हणतात, पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनची, सातव्या शतकातली, बहुतेक फुला लोकांची. तो म्हणतो, नाही, ही वाकांडाची, आणि मी ती घेऊन जाणार. बाई म्हणतात, वस्तू विक्रीला नाहीत. मग तो विचारतो, तुमच्या पूर्वजांनी या कशा मिळवल्या होत्या, रास्त किंमत मोजून? थिएटरात या क्षणी अख्खं पब्लिक त्याच्या बाजूला असतं. आणि लगेच कळतं की बाईंच्या कॉफीत विष होतं.

म्हणणं शंभर टक्के पटवायचं आणि त्याच दमात असं कृत्य दाखवायचं की हात झटकावासा वाटेल, हे लेखकांचं कसब आहे. त्यातलं ‘पटणं’ हे क्रियापद मला महत्त्वाचं वाटतं. सिनेमा बघून आलेला मराठी माणूस ‘मला किलमाँगरविषयी सहानुभूती वाटली’ असं कधी म्हणतो का? तो म्हणतो, ‘यार, त्याचं पण पटतं.’ हा ‘पण’ फार बोलका आहे.

संगीताकडेही कान द्या. लुडविग योरानसनला या सिनेमासाठी ऑस्कर मिळालं. टचालासाठी त्याने पश्चिम आफ्रिकेतला बोलका ढोल वापरला आणि किलमाँगरसाठी फुला लोकांची बासरी, खाली हिपहॉपचा ठेका. संग्रहालयातल्या बाईंनी कुऱ्हाड फुला लोकांची म्हटली ती चूक ठरते, आणि बासरी मात्र खरोखर फुला लोकांचीच. मुद्दाम केलंय की योगायोग, कोण जाणे.

सातारी_मिरची :
बेनिनवरून आठवलं. इंग्रजांनी १८९७ साली तिथे स्वारी करून हजारो कलाकृती उचलल्या, त्यातल्या बऱ्याच अजून युरोपभर विखुरलेल्या आहेत. त्यामुळे तो प्रश्न हवेतला नाही. आपल्याकडे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखं २०२४ मध्ये साताऱ्यात आली तेव्हा सगळीकडे ‘परत आली’ असंच क्रियापद होतं. बोली मात्र तीन वर्षांच्या उसनवारीची. ‘परत आणणे’ आणि ‘उसनी आणणे’ यांतला फरक किलमाँगरला चांगला कळला असता. (त्याचा उपाय आपल्याला नको, हेही खरं.)

पंतोजी :
तिसरी_घंटा, ‘पटणं’ मान्य. पण निवडुंगताईंना नाम किंवा विशेषण हवंय, क्रियापदावर त्यांचं भागणार नाही. तर या घराण्यातले बाकीचे शब्द पारखू.

‘कीव’ नको. कीव करणारा उंचावर असतो आणि तिच्यात तुच्छतेचा अंश असतोच. ‘दया’ दाखवायला हातात सत्ता लागते. टचाला शेवटी त्याला दया देऊ करतो, जखम बरी करता येईल म्हणतो, आणि तो ती झिडकारतो. मला समुद्रात टाका, गुलामांच्या गलबतांवरून उड्या मारलेल्या माझ्या पूर्वजांजवळ, त्यांना बेडीपेक्षा मरण बरं वाटलं होतं, असं काहीसं बोलून जातो. ज्याने दया नाकारली त्याला आपण ती कशी चिकटवणार?

‘कणव’ सुंदर शब्द, पण ती आपल्याहून दुबळ्याची येते. टचालाला धबधब्यावरून खाली फेकणारा, प्रत्येक खुनामागे अंगावर एक व्रण कोरून घेतलेला गडी कणवेत मावत नाही. एकाच ठिकाणी ती येते. वाकांडाच्या राजाला मिळणारी औषधी पिऊन तो मेलेल्या बापाला भेटतो, ते घर अमेरिकेतल्या ओकलंडमधली त्यांची जुनी खोलीच असते आणि आपल्याला दिसतो तो लहानगा एरिक. बाप विचारतो, माझ्यासाठी डोळ्यात पाणी नाही? पोरगा म्हणतो, इथे सगळेच मरतात. तिथे कणव. पण ती त्या पोराची, पुढच्या किलमाँगरची नव्हे.

आणि ‘सहानुभूती’ निवडणुकांनी घालवली. आता पुढारी गेला की तिची ‘लाट’ येते.

खाडीपलीकडे :
मी सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठी राहते. इकडचं थोडं सांगते. सिनेमाचा दिग्दर्शक रायन कूगलर ओकलंडचा. पडद्यावर ‘ओकलंड, १९९२’ अशी पाटी आली तेव्हाच इथे थिएटरात शिट्ट्या पडल्या होत्या. किलमाँगर या प्रेक्षकांना ‘त्याचं पण पटतं’ असा वाटला नाही. तो ‘आपला’ वाटला. वाकांडा म्हणजे स्वप्नातलं माहेर, आणि हा माहेराने दार लावून घेतलेला पोर. तेव्हा कुठला प्रेक्षक, त्यावरही शब्द बदलेल.

आणि त्या ‘हे आँटी’चं काय करणार? हातात बेड्या, दरबार भरलेला. कोण तू, असं विचारल्यावर तो वाकांडाची म्हणून वापरलेल्या आफ्रिकी कोसा भाषेत अस्खलित सांगतो, मी एन्जोबूचा मुलगा एन्जडाका. लगेच राजमातेकडे वळून ओकलंडच्या गल्लीतलं ‘हे आँटी’. हशा आणि शहारा एकदमच.

चहाटळ :
राजमाता रमोंडा त्याच्या चुलत्याची बायको. म्हणजे ‘काय काकू, ओळखलंत का?’

मुळात ही भाऊबंदकी आहे हो. टचालाच्या बापाने, टचाकाने, सख्ख्या भावाला, एन्जोबूला मारलं आणि पुतण्याला परमुलखात सोडून निघून गेला. शनिवारवाड्यातला ‘काका, मला वाचवा’ म्हणून धावला तरी होता, या पोराला तेवढीही सोय नाही. वाटणी मागायला आलेला चुलतभाऊ म्हणा की. महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको.

निळी_पायवाट :
विनोद ठीक, पण भाऊबंदकी म्हटलं की त्याची तक्रार घरगुती होते. ती तशी नाही. जगभर आपली माणसं चिरडली जात असताना एवढं सामर्थ्य असलेला देश लपून का बसला, हा त्याचा सवाल आहे.

‘पँथर’ हा शब्द इथे बऱ्याच जणांच्या कानाला वेगळा लागतो. काळ्या अमेरिकनांच्या हक्कांसाठीचा ब्लॅक पँथर पक्ष ओकलंडमध्ये ऑक्टोबर १९६६ला निघाला. कॉमिकमधला ब्लॅक पँथर त्याच वर्षी, काही महिने आधीचा. आणि त्या पक्षापासून प्रेरणा घेऊन १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी दलित पँथर उभी केली. तेव्हापासून ‘पँथर’ मराठी नाम आहे. ‘ते जुने पँथर’ असं आम्ही माणसाबद्दल म्हणतो. सिनेमा ओकलंडला सुरू होतो आणि पँथरचं नाव मात्र राजाला मिळतं. मला किलमाँगरकडेच बघत राहावंसं वाटलं, ते यामुळे.

माझी तक्रार शब्दाआधी पटकथेवर आहे. ज्याचा प्रश्न बिनतोड, त्याच्याच हातून लेखक त्याच्या मैत्रिणीला गोळी घालवतात, म्हाताऱ्या पुजारणीचा गळा धरवतात, औषधीची बाग जाळवतात. का? नाहीतर प्रेक्षक राजाकडे परतलाच नसता. म्हणून माझ्या लेखी तो ‘खल ठरवलेला’ आहे.

तिसरी_घंटा :
निळी_पायवाट, अर्धं पटलं. पण पटकथेने त्याच्या विचारातली खोटही दाखवलीये, फक्त वागण्यातली नाही. वाकांडाच्या साम्राज्यावर सूर्य मावळणार नाही, असं तो सिंहासनावरून म्हणतो. हे वाक्य कुणाचं, ते आपल्याला शाळेपासून पाठ आहे. ज्यांच्या कपाटातली कुऱ्हाड उचलली त्यांचीच भाषा त्याच्या तोंडी आली. आणि मरताना तो बघतो तो वाकांडाचा सूर्यास्त. मला ‘ठरवलेला’पेक्षा ‘झालेला’ बरोबर वाटतं. आणि टचाला शेवटी ओकलंडलाच मदतकेंद्र काढतो. म्हणजे प्रश्न त्याने किलमाँगरचाच घेतला.

निळी_पायवाट :
हो, तीन इमारती विकत घेऊन. असो. सूर्याचं वाक्य मी विसरू शकत नाही, हे कबूल.

अवांतर_बहाद्दर :
अवांतर : भारतात दाखवलेल्या प्रतीत वाकांडातल्या डोंगरी टोळीच्या प्रमुखाच्या, मबाकूच्या तोंडचं ‘हनुमान’ सेन्सॉरने गप्प केलं होतं. ओठ हलतात, आवाज नाही. शब्दचर्चेत न उच्चारलेल्या शब्दाचीही नोंद असावी.

जुनापुराणा :
त्याच वर्षी ‘ॲव्हेंजर्स’मध्ये खलनायक थॅनोस आला आणि ‘त्याचंही पटतं’ म्हणणारे निघालेच. मग तोही याच गटात?

पुढची_तारीख :
नाही. थॅनोसकडे फक्त हिशेब आहे, अर्धे मारले की उरलेल्यांना पुरेल. त्याच्यावर अन्याय झाला म्हणून तो आपल्यापुढे आलेला नाही. किलमाँगर आलाय तो फिर्याद घेऊन. मी कोर्टात रोज हेच बघतो, म्हणून सुचवतो : ‘फिर्यादी खलनायक’. बापाच्या छातीत पंजाच्या नख्यांच्या खुणा त्याने स्वतः पाहिल्या, आरोपी गेलाय, आणि खून दडपणारा साक्षीदार झुरी समोर उभा आहे. केस पक्की. पण फिर्यादीच उठून न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतो, आणि झुरीला तिथल्या तिथे मारतोही. आपली सहानुभूती फिर्यादीला होती, ती खुर्चीपाशी थांबते. विशेषणातही तेवढंच यावं.

पंतोजी :
आवडला. फक्त गादीचा दावा दिवाणी, तिथे तो ‘वादी’ होतो. खुनापुरता ‘फिर्यादी’.

पुढची_तारीख :
दिवाणी आणि फौजदारी एकाच दिवशी लावून घेतलेला पहिलाच माणूस म्हणायचा. ‘वादी’ कुणाला कळणार नाही, लोक ‘कुठला वादी?’ विचारतील. फिर्यादीच ठेवा.

निवडुंग :
‘फिर्यादी खलनायक’ घेतेय. पहिल्या उल्लेखात जरा उलगडून सांगेन, मग पुढे तसाच वापरेन. बालपणाच्या प्रसंगाला ‘कणव’, बाकी सगळीकडे ‘पटतं’. खाडीपलीकडेंचा ‘आपला’ ओकलंडच्या प्रेक्षकांबद्दल लिहिताना येईल.

एक राहिलं. किलमाँगर की किलमंगर?

पंतोजी :
उच्चार मंगरच्या जवळचा, पण माँगर रुळलंय. ठेवा. त्या ‘माँगर’ला मराठीत आधीच सोय आहे, ‘वॉरमाँगर’चं आपण ‘युद्धखोर’ केलंच आहे. फारसी ‘खोर’ म्हणजे खाणारा, त्यावरून ज्याला त्या गोष्टीची चटक आहे तो. नफेखोर, चुगलखोर, भांडखोर. आणि बंडखोर. बाप एन्जोबू बंडखोरीवर थांबला, मुलगा युद्धखोरीपर्यंत गेला.

चहाटळ :
त्या हिशोबाने किलमाँगर म्हणजे ‘मारखोर’. तो पाकिस्तानचा राष्ट्रीय प्राणी आहे, पीळदार शिंगांचा डोंगरी बोकड. लेखाला चित्र हवं असेल तर सांगा.

निवडुंग :
चित्र नको! वाक्य असं केलंय, बघा : ‘गादीचा वारस, बापाच्या खुनाचा फिर्यादी आणि निकाल लागायच्या आत शिक्षा द्यायला निघालेला किलमाँगर हा या सिनेमाचा फिर्यादी खलनायक.’

पुढची_तारीख :
‘निकाल लागायच्या आत’ काढा. निकाल लागला होता, त्यानेच लावला होता. आणि ‘फिर्यादी’ दोनदा आलाय, पहिला उडवा.