मदत हवी आहे : खुडूक कोंबडीखालची अंडी वाया जात आहेत

नमस्कार. आमच्या परसात 11 गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. चैत्रात एका खुडूक कोंबडीखाली मी 12 अंडी ठेवली. 21 दिवसांनी केवळ 4 पिल्ले निघाली, आणि आणखी 2 दिवस वाट पाहून उरलेली अंडी फोडली तेव्हा तीन अंड्यांत गर्भच धरलेला नव्हता, तर पाचांत पूर्ण वाढलेली पिल्ले कवचातच मेलेली आढळली. (पहिल्या आठवड्यात बॅटरीच्या उजेडात अंडी तपासली असती, तर निदान ती 3 वेळीच काढता आली असती, तो आळस माझाच.) एका कोंबड्यामागे 10 ते 12 माद्या चालतात, म्हणून त्याच्यावर संशय घ्यावासा वाटत नाही; मात्र ही अंडी मी जवळजवळ 15 दिवस स्वयंपाकघरातील पाटीत साठवली होती, आणि पत्र्याचे खुराडे दुपारी भट्टीसारखे तापते. पूर्ण वाढलेली पिल्ले मरण्याचे कारण साठवण, उष्णता की कोरडी हवा? अंड्यांखालची वाळू ओलसर ठेवावी, की मृगापर्यंत थांबून 7 दिवसांच्या आतलीच अंडी बसवावीत? शिवाय शेजारी वनराजा जातीच्या कोंबड्यांची अंडी देऊ करीत आहेत. ती जात संकरित असल्याने पुढच्या पिढीत अंडी घटतात, असा कोणाचा अनुभव आहे का?