यूप फान ट हेक: शनिवारच्या स्तंभाने रंगमंचावरचा कलाकार खाल्ला का?

गवाक्ष
डच काबारेची माहिती नसलेल्यांसाठी एवढंच: हिंदी सिनेमातल्या कॅब्रेशी याचा संबंध नाही. बहुतेकदा एकच माणूस दीड-दोन तास मंचावर असतो. बोलतो, टोमणे मारतो, मध्ये चार-दोन गाणी म्हणतो. यूप फान ट हेक (जन्म १९५४) हे त्यातलं मोठं नाव. १९७३ मध्ये 'नार' नावाच्या गटापासून सुरुवात, पुढे एकट्याचे प्रयोग, आणि त्याबरोबर 'एनआरसी हांडेल्सब्लाड' या दैनिकात वर्षानुवर्षं शनिवारचा स्तंभ.

माझं म्हणणं थेट मांडतो. स्तंभाने त्याची धार घालवली. मंचावर तो आधी प्रेक्षकांना कुणावर तरी हसवतो: मुलाच्या हॉकी सामन्यात ओरडणारा बाप, दुसऱ्या घराच्या गप्पा मारणारं सुखवस्तू जोडपं. सभागृह हसत असतानाच पियानो सुरू होतो आणि गाणं मरणावर किंवा करपलेल्या संसारावर येतं. आपण आत्ता कुणावर हसलो हे खुर्चीतल्या माणसाला तेव्हा उमगतं. छापील मजकुरात ना तो पियानो असतो ना ती शांतता. उरतं ते नुसतं खडसावणं, आणि तेही दर आठवड्याला.

रानजाई
अजिबात पटलं नाही. यूप नार्डनमध्ये जन्मला, शेजारच्या बुसुममध्ये वाढला. हा खोई भाग, म्हणजे अॅमस्टरडॅमजवळचा पैसेवाल्यांचा पट्टा. सख्खा भाऊ टॉम हॉकीत राष्ट्रीय संघाकडून खेळला, पुढे महिला संघाचा प्रशिक्षक झाला आणि त्याच्या हाताखाली संघाने १९९६ आणि २००० च्या ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकलं. हॉकी क्लबवरची यूपची टीका घरातली आहे, म्हणून ती लागते.

आता एनआरसी कोण वाचतं? तोच वर्ग. अॅमस्टरडॅमच्या कारे थिएटरात त्याची तिकिटं काढणारे आणि शनिवारी नाश्त्याला तो स्तंभ उघडणारे लोक एकच. ज्यांना बोलायचं त्यांच्या घरात दर आठवड्याला शिरायला मिळत असेल तर कलाकाराने ती जागा सोडावी का?

दर्यावर्दी
दोघांनीही ३१ डिसेंबरचा प्रयोग बाजूला ठेवलाय, आणि या वादाचं उत्तर तिथेच आहे. आधीच्या पिढीतला काबारे कलाकार विम कान याने १९५४ साली रेडिओवर ही प्रथा सुरू केली, १९७३ मध्ये ती टीव्हीवर आणली. सरत्या वर्षाचा हिशोब एकट्याने मांडायचा आणि देशाने घरोघरी बसून ऐकायचा. यूपने पहिल्यांदा १९८९ मध्ये केला. पुढे २००२ पासून २०२० पर्यंत दर तीन वर्षांनी.

हा प्रयोग बांधणं फार किचकट काम आहे. सुरुवात छोट्या नाट्यगृहांतल्या ट्राय-आउटने होते. मजकूर कच्चा, कागद हाताशी, कुठला विनोद उठतो ते बघायचं आणि रोज काटछाट करायची. घोटाळा इथे होतो: मार्चमधलं प्रकरण डिसेंबरपर्यंत लोक विसरलेले असतात. ते आठवून द्यायला तीन-चार वाक्यं खर्ची पडली की विनोद मेला. उलट २० डिसेंबरला काही घडलं तर ते त्याच रात्री घुसवावं लागतं आणि त्याच्या बदल्यात दुसरं काहीतरी कापावं लागतं, कारण संपायचं असतं मध्यरात्रीच्या आधी. म्हणून बातम्यांच्या खालून वाहणारा एक धागा लागतो, एखादं नातं किंवा एखादी भीती. तो नसेल तर नुसती यादी होते.

आठवड्याला एक स्तंभ लिहिणाऱ्याकडे वर्षाचा कच्चा माल आपसूक जमतो. ही सोय झाली. पण शनिवारी वाचलेला टोमणा डिसेंबरात ऐकला की प्रेक्षक मान डोलावतो, हसत नाही. त्यामुळे गवाक्ष, तुमच्या मुद्द्यात तथ्य आहे. कारण मात्र वेगळं आहे.

टिपणवही
'बकलर'चं नाव अजून कुणी घेतलं नाही! हायनेकेनची जवळपास बिनअल्कोहोलची बिअर, १९८० च्या दशकाच्या अखेरीस जोरात चाललेली. १९८९ च्या प्रयोगात यूपने काय केलं? बिअरच्या चवीबद्दल चकार शब्द नाही. त्याने माणूस उभा केला: चाळिशीचा, बारमध्ये शेजारी येऊन उभा राहणारा, हातात गाडीच्या किल्ल्या आणि बकलर. वर एक शिवी जोडली, ती ब्रँडच्या नावाला चिकटली आणि बारमध्ये ते नाव घेऊन बाटली मागायची लोकांना लाज वाटू लागली. १९९३ मध्ये हायनेकेनने बकलर नेदरलँड्समधून काढून घेतली. स्पेनमध्ये ती पुढेही विकली गेली.

ही ताकद मंचाची. तेच वाक्य शनिवारच्या पानावर आलं असतं तर दुपारपर्यंत विसरलं गेलं असतं.

रानजाई
टिपणवही, तुम्ही ज्याला विजय म्हणता तो मला त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात कमकुवत नेम वाटतो. नेदरलँड्समध्ये १९७४ पासून गाडी चालवणाऱ्याच्या रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.५ प्रोमिल (हजारात अर्धा भाग) आहे. किल्ल्या हातात घेऊन बकलर पिणारा माणूस मित्रांना सुखरूप घरी पोचवणारा होता. २००१ मध्ये सरकारने 'बॉब' मोहीम आणली ती नेमकी अशा न पिणाऱ्या चालकाला मान मिळावा म्हणून. उपहासाने बलवानाला धरावं. इथे शहाणपणाने वागणाराच सापडला.

आणि बिअर खरंच एका विनोदाने मेली का? बव्हारिया माल्ट ही दुसरी बिनअल्कोहोलची बिअर तेव्हाही बाजारात होती आणि टिकली. घाव नावावर बसला, पेयावर बसलाच नाही. २०१७ मध्ये हायनेकेनने स्वतःच्या नावाने ०.० काढली, ती आज कुणी लपवून पीत नाही.

दर्यावर्दी
नाव आणि माल यांतला फरक बरोबर पकडलात. काबारेचा हात कुठवर पोचतो हे दोन जुन्या उदाहरणांतून दिसतं. विम कान दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी बांधून घेतलेल्या बर्मा रेल्वेवरचा युद्धकैदी. १९७१ मध्ये जपानचा सम्राट हिरोहितोच्या नेदरलँड्स भेटीला त्याने जीव तोडून विरोध केला. हिरोहितो आलाच. फ्रेक द योंग आणि ब्राम फर्म्यूलेन या काबारे जोडीने १९७८ मध्ये अर्जेंटिनातल्या लष्करी राजवटीमुळे डच फुटबॉल संघाने तिथल्या विश्वचषकाला जाऊ नये म्हणून मोहीम चालवली. संघ गेला, अंतिम सामनाही खेळला. दोघांचं म्हणणं यूपच्या बकलरपेक्षा शंभरपट मोलाचं होतं. पण बाटली न मागणं हे एकट्याच्या हातात असतं आणि त्याची काही किंमत मोजावी लागत नाही. राष्ट्रीय संघ थांबवायला सरकार लागतं.

गवाक्ष
मग स्तंभाची ताकद दाखवा. २०१० मध्ये मुलाच्या नादुरुस्त मोबाईलवरून त्याने एका कंपनीच्या हेल्पडेस्कवर ट्विटरवर आणि स्तंभात झोड उठवली, तेव्हा काम केलं ते त्याच्या प्रसिद्धीने. सामान्य ग्राहकाचा फोन कोण उचलतो?

रानजाई
तो तिथे थांबला नाही, हे तुम्ही गाळताय. त्याने वाचकांचे अनुभव मागवले, ढिगाने आले, आणि त्यातून ग्राहकसेवेवर एक स्वतंत्र अंक निघाला. स्वतःच्या तक्रारीला त्याने इतरांच्या तक्रारी जोडल्या. मंचावर हे करताच येत नाही, तिथे समोरचे फक्त हसू शकतात किंवा गप्प राहू शकतात.

टिपणवही
नव्याने बघणाऱ्यांनी १९८९ च्या ध्वनिचित्रफितीपासून सुरुवात करा. डच येत नसेल तरी बकलरच्या जागी हशा कसा चढत जातो ते ऐका: आधी थोडे लोक, मग सगळे, आणि यूप पुढचं वाक्य अडवून धरतो. स्तंभांचे संग्रह त्यानंतर घ्या. त्यांत मंत्र्यांची नावं फार आहेत, त्या त्या वर्षाचं राजकारण ठाऊक नसेल तर अर्धे टोमणे कळणारच नाहीत.