चिकट साखर आणि डब्याच्या तळाशी उरणारं मीठ

वर विचारलंय की साखरेत घोळवलेले बदाम दुसऱ्या दिवशी चिकट का होतात. पाकात पाणी राहिलंय, एवढंच. २०० ग्रॅम भाजलेल्या बदामांना १०० ग्रॅम साखर आणि ३ मोठे चमचे पाणी पुरतं. जाड बुडाच्या कढईत पाक दाट होऊन मोठे, संथ बुडबुडे यायला लागले की बदाम घालून सतत हलवा. साखर आधी पांढरी, वाळूसारखी कोरडी होते. बरेच जण इथे बिघडलं समजून पाणी घालतात, घालू नका. मंद आचेवर ढवळत राहिलं की तीच साखर थोडी वितळून चकाकते. लगेच ताटात मोकळे पसरा आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. कोमट भरले तर आत वाफ धरते.

खाऱ्या काजूंचं मीठ खाली उरतं, कारण ते जाडं असतं आणि काजू कोरडे. मीठ मिक्सरमधून बारीक करा, गरम काजूंना अर्धा चमचा तेल चोळा, मग मीठ. तिखटही भाजून झाल्यावरच. आधी घातलं तर करपून कडवटतं.

अक्रोड मात्र आधी मिनिटभर उकळत्या पाण्यात घालून नीट वाळवा, सालीचा तुरटपणा कमी होतो.

आणि हो, वाटण्याआधी कोणाला ॲलर्जी आहे का ते विचाराच.