सिंगापूरच्या गॅलरीतून दिसणारी जहाजं ओळखायची कशी?

दांडियाबाजारकर
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आम्ही दोघं मुलीकडे सिंगापूरला जातोय. तिचं घर ईस्ट कोस्टला, वरच्या मजल्यावर, गॅलरीतून सगळी सामुद्रधुनी दिसते. मागच्या खेपेला सकाळी चहा घेऊन बसलो की जेवायची हाक येईपर्यंत मी तिथून हलायचो नाही, इतकी जहाजं. पण कुठलं काय नेतंय काही कळायचं नाही. जावई म्हणाले ॲप घ्या, टॅप केलं की नाव येतं. ते केलं, नाव येतं, झेंडा येतो, पण फोन खाली ठेवला की परत सगळी सारखीच दिसायला लागतात. मला लांबून नुसतं बघून सांगता यायला हवंय की हे तेलाचं, हे कोळशाचं, भरलेलं की रिकामं आणि चाललंय कुठे. नातू सारखा विचारत असतो आणि त्याला काहीतरी ठोकून द्यायचं मला पटत नाही. इथे बडोद्यात बसून काही तयारी करता येईल का? आणि दुर्बीण कुठली घेऊ?

सेकंडमेट_अलकापुरी
काका, फार छान प्रश्न विचारलात. मी बरीच वर्षं जहाजावर होतो, त्या सामुद्रधुनीतून कितीदा गेलो असेन, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

रंग आणि नाव आधी बाजूला ठेवा, डेक बघा. डेक सपाट, त्यावर लांबच लांब पाइप आणि बरोब्बर मध्यावर एक छोटी क्रेन (तेलाचे जाड रबरी पाइप उचलायची) असेल तर तो टँकर. डेकवर ओळीने मोठी चौकोनी झाकणं म्हणजे बल्कर, त्यात कोळसा, धान्य, लोखंडाचं खनिज असा सुटा माल. मधल्या साइजच्या बल्करवर झाकणांच्या मधेमधे क्रेन असतात, एकदम मोठ्यावर बहुतेक नसतात कारण तो मोठ्या बंदरातच जातो आणि तिथल्या क्रेन वापरतो. कंटेनर शिप तर तुम्हाला ओळखता येतच असेल. बुटाच्या खोक्यासारखं उभट, खिडक्या जवळजवळ नाहीत असं दिसलं की ते गाड्या नेणारं जहाज. डेकवर मोठे गोल घुमट दिसले तर एलएनजी, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायू नेणारं, पण एलएनजीची सगळीच घुमटवाली नसतात, आता पुष्कळशी बिनघुमटाची आहेत, त्यांचं डेक मधून सलग उंच उचललेलं दिसतं.

आता भरलेलं की रिकामं. पाण्याच्या वर तळाच्या रंगाचा पट्टा, बहुतेक लाल, जितका जास्त दिसेल तितकं जहाज हलकं. पुढच्या टोकाला पाण्याखाली असतो तो फुगीर बल्बसुद्धा बाहेर आला असेल तर बॅलास्टवर, म्हणजे वजनासाठी नुसतं समुद्राचं पाणी भरून चाललंय, माल नाही. कंटेनर आणि गाड्यांच्या जहाजाला मात्र हे धड लागू होत नाही.

आणि खरी मजा दिशेत आहे. तिथे येणाजाणाऱ्यांच्या लेन ठरलेल्या आहेत आणि समुद्रात उजवी बाजू धरायची असते, म्हणजे पश्चिमेला येणारी जहाजं सिंगापूरच्या बाजूच्या लेनमधून जातात आणि पूर्वेला जाणारी पलीकडून, बाताम बेटाच्या अंगाने. आखातातून तेल भरून चीन-जपानला निघालेला मोठा टँकर, साधारण ३३० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद, तो तुम्हाला पलीकडच्या लेनमध्ये खोल बसलेला दिसेल. तिथे पाणी फारसं खोल नाही, तळाखाली निदान ३.५ मीटर पाणी राखावं लागतं, म्हणून फार जपून चालवतात. तेल उतरवून तोच परत येतो तेव्हा जवळच्या लेनमध्ये, लाल पोट वर काढून. एकदा ही जोडी नजरेत बसली की बाकीचं आपोआप जमायला लागतं. जवळच्या लेनमध्ये खोल बसलेला बल्कर दिसला तर तो इंडोनेशियाचा कोळसा घेऊन आपल्याकडे, अगदी मुंद्र्यालासुद्धा निघालेला असू शकतो.

तुमच्या अगदी समोर नांगर टाकून उभी असतात ती वेगळी, त्यांना या हिशोबात धरू नका. सिंगापूर हे जहाजांना इंधन देणारं जगातलं सगळ्यात मोठं बंदर आहे, त्यामुळे कोणी बंकर, म्हणजे इंधन, घ्यायला थांबलेलं, कोणी धक्क्याची वाट बघत. भरती-ओहोटी बदलली की ती सगळी हळूहळू तोंड फिरवतात, ते नातवाला जरूर दाखवा.

रावपुरा_अनिता
सेकंडमेट दादांचं सगळं मान्य पण ॲपला इतकं बाजूला टाकू नका हो काका. आधी डोळ्यांनी अंदाज बांधा, तो मोठ्याने बोला आणि मग मरीनट्रॅफिक उघडून ताडून बघा, माझ्या मुलीला मी असंच शिकवलं. आंतरराष्ट्रीय फेरी करणाऱ्या ३०० टनांवरच्या सगळ्या मालवाहू जहाजांना आणि सगळ्या प्रवासी जहाजांना एआयएस, म्हणजे आपली ओळख आणि जागा रेडिओवरून सतत कळवणारं यंत्र, लावावंच लागतं, ॲप तेच दाखवतं, नौदलाची मात्र बरेचदा दिसत नाहीत. फक्त कुठे चाललंय ते आणि ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती खोल बसलंय) किती ते जहाजावरची माणसं हाताने भरतात, ते कधी कधी जुनंच राहिलेलं असतं. म्हणून भरलेलं आहे की नाही हे मी तरी पट्टा बघूनच ठरवते.

झेंड्यावरून मालक ओळखायला जाऊ नका. जहाजाच्या मागच्या बाजूला मनरोव्हिया किंवा माजुरो लिहिलेलं असतं म्हणजे नोंदणी लायबेरियाची किंवा मार्शल बेटांची, मालक ग्रीक असेल, जपानी असेल, कोणीही. २०२१ मध्ये सुवेझमध्ये अडकलेलं एव्हर गिव्हन आठवतंय ना, मालक जपानी, चालवणारी कंपनी तैवानची, झेंडा पनामाचा आणि वरचे सगळे २५ खलाशी आपले भारतीय.

नातवाला पाढे येत असतील तर त्याच्यासाठी एक आहे. प्रत्येक जहाजाला ७ आकडी आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) नंबर असतो, नाव बदलो, मालक बदलो, झेंडा बदलो, तो शेवटपर्यंत तोच. पहिल्या ६ आकड्यांना क्रमाने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं आणि बेरीज करायची, बेरजेचा शेवटचा आकडा म्हणजे नंबरातला सातवा. ९०७४७२९ घ्या, बेरीज १३९ येते, शेवटी ९. माझी मुलगी ॲपवर दिसेल त्या जहाजाचा पडताळा घ्यायची.

नर्मदाकाठचा
तयारीचं मी सांगतो. हजिरा-घोघा रो-रो फेरीने (गाड्यांसकट माणसं नेणारी बोट) एकदा जाऊन या, पूर्ण खंभातचं आखात ओलांडता, नांगरावरची आणि चालती जहाजं फेरीवरून जवळून बघायला मिळतात. आपल्या आखातात भरती-ओहोटीचा फरक १० मीटरपर्यंत जातो. याच मोठ्या भरतीवर अलंगला जुनी जहाजं थेट किनाऱ्यावर चढवून तोडतात. जमलं तर ओख्यालाही जा, ते बंदर आपल्या बडोदा संस्थानानंच बांधलेलं, सयाजीराव महाराजांच्या वेळी. वाडिनार, सिक्का, मुंद्रा, कांडला सगळीकडची जहाजं तिथूनच कच्छच्या आखातात शिरतात.

दुर्बीण ७ बाय ५० घ्या, म्हणजे ७ पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगाची. १० च्या वर गेलात तर हातात धरून चित्र हलतं, मग स्टँड लागतो. आणि दिवाळीनंतर तिथे सूर्य दक्षिणेकडे असतो म्हणजे दुपारी नेमका तुमच्या समोर, जहाजं नुसती काळी दिसतील. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी बसा.

दांडियाबाजारकर
काय सुंदर माहिती दिलीत सगळ्यांनी, वहीत उतरवून घेतोय. फेरीचं या महिन्यातच करतो. अजून एक, रात्री तर फक्त दिवे दिसतात. तेव्हा काही कळतं का?

सेकंडमेट_अलकापुरी
कळतं की काका, रात्री उलट दिशा जास्त सोपी. जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा. तुम्ही उत्तरेच्या किनाऱ्यावर, म्हणजे पश्चिमेला येणाऱ्याचं उजवं अंग तुमच्याकडे, हिरवा दिसणार. पूर्वेला जाणाऱ्याचं डावं, लाल. हे दिवे लांबून बारीक असतात, दुर्बीण लागेल. नुसत्या डोळ्यांनी मोठ्या जहाजाचे दोन पांढरे दिवे दिसतात, त्यातला खालचा पुढे आणि वरचा मागे, त्यावरून तोंड कुठे आहे ते कळतं. भरपूर उजेडात न्हायलेलं दिसेल ते नांगरावरचं, मोठ्या जहाजांना नांगरावर असताना डेक उजळून ठेवावं लागतं. आणि एकावर एक असे ३ हिरवे दिवे दिसले तर लक्ष ठेवा, ते जहाज लेन आडवी ओलांडतंय, रात्री ओलांडताना ते दिवे लावायची पद्धत तिथे २०११ पासून आहे. बाकीची त्याला कशी वाट देतात ते बघत बसा, अर्धा तास सहज जातो.