मदत हवी आहे: एआरटी (एचआयव्हीचे उपचार) एका डॉक्टरांकडे, कॅन्सर दुसऱ्यांकडे. दोघांना जोडायचं कसं?

नमस्कार मंडळी. मावशीसाठी विचारतोय. गावाचं नाव लिहीत नाही, कुडाळच्या आसपास समजा.

मावशी बरीच वर्षं एआरटीवर आहे. गोळ्या नेमाने घेते, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला आहे. आता गर्भाशयमुखाचा कॅन्सर निघालाय. मुंबईत रेडिएशन, सोबत आठवड्याला एक सिस्प्लॅटिन (केमोचं औषध) आणि शेवटी ब्रेकी (आतून द्यायचं रेडिएशन) असं ठरलंय.

घोडं अडलंय क्रिएटिनिनवर, म्हणजे किडनीच्या रक्तचाचणीवर. रिपोर्ट जरा वाढीव आला, तर कॅन्सरचे डॉक्टर म्हणाले किडनीला झेपणार नाही, सिस्प्लॅटिन थांबवू. आमच्या एआरटीच्या डॉक्टरांचं म्हणणं असं की ती टीएलडीवर (तीन एआरटी औषधांची एकच गोळी) आहे. त्यातल्या डोल्युटेग्राविरमुळे किडनी धड असली तरी क्रिएटिनिन थोडं वर दिसतं. मात्र त्याच गोळीत टेनोफोविरही असतं, ते किडनीला खरोखर त्रास देऊ शकतं आणि सिस्प्लॅटिन तर देतंच. तेव्हा आधी लघवीतलं प्रोटीन, सिस्टॅटिन सी (किडनीची दुसरी रक्तचाचणी) बघा आणि मग दोघं मिळून ठरवू. मला पटलं. पण फोन कोणी कोणाला करायचा? सध्या चिठ्ठ्या घेऊन कोकणकन्येने मीच ये-जा करतोय. मावशी म्हणते, "दोगव डॉक्टर बरे आसत, पण एकामेकांक वळखनत नाय."

त्यात वॉर्डात कोणीतरी सांगितलं, केमो संपेपर्यंत एआरटी बंद ठेवा. एआरटी सेंटरने साफ नाही म्हटलं. रेडिएशनने सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) खाली येणारच आहे, गोळ्या तर सोडायच्या नाहीतच, सेप्ट्रानही (इतर संसर्ग टाळायची गोळी) चालू ठेवायची.

कोणाच्या पेशंटच्या बाबतीत ट्यूमर बोर्डात (उपचार ठरवणारी कॅन्सरच्या डॉक्टरांची बैठक) एआरटीच्या डॉक्टरांनाही घेतलं होतं का, निदान फोनवर? ते कोणाकडून जमवलंत, सोशल वर्करकडून की थेट युनिटच्या डॉक्टरांकडून? आणि मुंबईत राहायचं तेवढ्या महिन्यांच्या गोळ्या इथूनच उचलाव्यात की तिथल्या सेंटरला ट्रान्सफर घ्यावी?

आणखी एक. फाइलच्या कव्हरवर लाल पेनाने एचआयव्ही लिहून ठेवलंय. सोबत राहायला तिची सून जाणार आहे आणि तिला यातलं काही माहीत नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात गोपनीयतेची तरतूद आहे हे वाचलंय, पण उपचार मध्यावर असताना भांडायचं कसं? न भांडता कोणी कव्हर बदलून घेतलंय का?

व्यनि (खासगी निरोप) केलात तरी चालेल. फक्त काढे सुचवू नका, किडनीचं एवढं रामायण चालू असताना तेवढं नको.