माणिक घेताना भिंगाखाली काय पाहायचं

दहा कॅरेटचं 'बर्मी' (म्यानमारचं) माणिक काही हजारांत मिळतंय, घ्यावं का, असं कुणी तरी विचारलंय. ते भेगांत शिशाची काच भरलेलं असण्याचीच शक्यता जास्त. दहापट भिंगाखाली दगड हळूहळू कलता करा: भेगांतून निळी किंवा केशरी झाक चमकते, चपटे बुडबुडे दिसतात. असा दगड अंगठीतून न काढता झाळकाम केलं तर काच वितळते. लिंबाच्या रसानेसुद्धा ती झिजते आणि भेगा पांढऱ्या पडतात. म्यानमारमधल्या मोगोकच्या न तापवलेल्या माणकात रुटाइल या खनिजाच्या बारीक सुया अखंड असतात, जास्त उष्णतेने त्यांचे तुटक ठिपके होतात. दगड तापवलेला आहे की नाही, इथेच किमतीतला प्रचंड फरक पडतो. प्रमाणपत्रावर 'नैसर्गिक माणिक' एवढंच वाचून थांबू नका; काच भरल्याचा उल्लेख बहुधा खालच्या शेऱ्यात असतो.